ताई हरायला लागली

ताई हरली तेव्हा दातवाल्याला आनंद झाला नाही. त्याला वाटलं, आपल्याच बघण्यात काहीतरी चुकलंय. त्याने आपले दोन पत्ते परत पाहिले, मधले पाच पाहिले, ताईचे दोन पाहिले. चूक कुठेच नव्हती. ताईच्या समोरचा बाटल्यांच्या झाकणांचा ढीग सरकत त्याच्यासमोर आला आणि शेजाऱ्याचं पार्सल चुकून आपल्या दारात यावं तसा तो त्या ढिगाकडे बघत राहिला.

गोष्ट होतीच तशी. पोकरमध्ये ताईला हरवायचं हे त्या टेबलावर कोणी मनावरही घेतलेलं नव्हतं. एखादा डाव तिच्या हातून जायचा, नाही असं नाही. पण उठायच्या वेळी सगळी झाकणं तिच्याकडे आणि बाकीचे तिघं हात हलवत घरी, हा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. त्या रविवारी तो मोडला आणि तिघंही ताईकडे बघायला लागले. शेवटी ताईच म्हणाली, "बघता काय? शिकवलं कोणी त्याला?"

ताई म्हणजे दातवाल्याची थोरली बहीण. वडील अचानक गेले तेव्हा तिचं फार्मसीचं शेवटचं वर्ष होतं. परीक्षा दिली आणि वडिलांच्या औषधांच्या दुकानात जाऊन उभी राहिली, ती आजतागायत. धाकट्या भावाने डॉक्टर व्हावं म्हणून तिने जिवाचं रान केलं. भाऊ झाला कवळ्या बनवणारा. "असू दे," ती म्हणाली, "डॉक्टर नाही तर नाही, निदान लोक तुझ्या जिवावर खातील तरी." लग्न तिने केलं नाही. कोणी कारण विचारलंच तर "वेळ झाला नाही" म्हणायची, आणि ते अगदी खरं होतं. नाकावर माशी बसू द्यायची नाही. डॉक्टरांची चिठ्ठी वाचता आली नाही तर तिथल्या तिथे फोन लावायची आणि विचारायची, "डॉक्टर, हे औषध लिहिलंय की सही केलीय?" डॉक्टर मंडळी तिला वचकून असत. गिऱ्हाइकं मात्र दोन चौक ओलांडून तिच्याकडेच येत, कारण ताईच्या हातून चुकीची गोळी गेली असं त्या वस्तीत कोणी कधी ऐकलं नव्हतं.

पोकर तिला शिकवलं एका औषध कंपनीच्या माणसाने. दुपारच्या सामसुमीत तो ऑर्डर घ्यायला यायचा आणि पत्ते काढून बसायचा. पुढे त्याची बदली झाली, खेळ मागे राहिला. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढायचं, मागच्या खोलीतल्या पॅकिंगच्या टेबलावरचे खोके खाली ठेवायचे आणि बसायचं. एका बाजूला इंजेक्शनांचा फ्रिज घुर्र करत असायचा, दुसऱ्या बाजूला छतापर्यंत सलाईनच्या पेट्या. खेळणारे चार: ताई, दातवाला, शेजारच्या दुकानातला चष्मेवाला आणि आयुष्यभर पत्रं वाटून निवृत्त झालेले टपालकाका. पैसा टेबलावर आणायचा नाही हा ताईचा कायदा. "पैसे लावले की माणूस पत्ते बघत नाही, पैसेच बघत बसतो." म्हणून औषधांच्या बाटल्यांची झाकणं: पांढरं एकाचं, निळं पाचाचं, लाल दहाचं.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पत्ते, ते फक्त त्याने बघायचे. मधे सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडे पडतात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. प्रत्येक वेळी झाकणं लावायची, समोरच्याची बरोबरी करायची, नाहीतर पत्ते टाकून गप्प बसायचं. सातांतले सर्वांत भारी पाच ज्याचे, त्याचा डाव. इतकंच. पण या इतक्याशा खेळात दातवाल्याने किती वर्षं मार खाल्ला ते त्याचं त्याला ठाऊक.

कारण त्याला टाकवत नसे. हातात राजा आला की तो त्या राजाला शेवटपर्यंत सोडायचा नाही, मग मधे एक्के पडोत नाहीतर आभाळ पडो. ताईने त्याला पहिली गोष्ट शिकवली ती टाकण्याची. दहा वेळा पत्ते आले तर सात-आठ वेळा बघायचे आणि टाकायचे, तोंड न वेंगाडता. दुसरी गोष्ट, आपण कितवे बोलणार, म्हणजे झाकणं लावायची आपली पाळी कितवी, ते बघायचं; शेवटी बोलणाऱ्याने सगळ्यांचं ऐकलेलं असतं, म्हणून त्याला जास्त कळतं. तिसरी गोष्ट, मोजायचं. आपलं काम करणारे किती पत्ते गड्डीत उरलेत ते मोजायचे. दोन पत्ते उघडायचे असतील तर चाराने गुणायचं, एकच असेल तर दोनाने, की शंभरात साधारण किती वेळा जमेल ते आलं. दातवाला प्रयोगशाळेत कवळीच्या गुलाबी मेणात एकेक दात बसवताना हे गुणाकार पुटपुटायचा. बायको डबा घेऊन आली की म्हणायची, "पेशंटला बत्तीसच्या जागी छत्तीस दात बसवू नका म्हणजे झालं."

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चिरफाड. हा ताईचा खास रिवाज. खेळ संपला की चहा यायचा आणि प्रत्येकाने त्या दिवशी हरलेला एक डाव टेबलावर परत मांडायचा. पत्ते, झाकणं, कोण काय बोललं, सगळं पहिल्यापासून. पण खेळणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. 'एक माणूस होता, त्याच्या हातात अमुक होतं,' असंच सांगायचं. नाव आलं की माणूस आपली बाजू मांडायला लागतो, आणि बाजू मांडणारा शिकत नाही, हे ताईचं म्हणणं. मग त्या एका माणसाची ती अशी सालं काढायची की टपालकाका मान खाली घालून बिस्किट चहात बुडवत बसायचे, कारण तो माणूस बहुधा तेच असायचे.

तर त्या रविवारी ताई हरली. पुढच्या रविवारी परत हरली. त्याच्या पुढच्या रविवारी थोडी जिंकली, आणि मग हरतच गेली.

दातवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आधी वाटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण एकच फांदी रोज कशी तुटेल? चार महिने तो जिंकत होता. टाकायला शिकलो, मोजायला शिकलो, फळ मिळालं, असं तो बायकोला सांगू लागला. चिरफाडीच्या वेळी तर त्याची पंचाईत व्हायची. हरलेला डावच नसायचा, मग आणायचा कुठला? तो चहा पीत ऐकत बसायचा. ताई आपले डाव मांडायची, आणि तिने मांडलेल्या डावांत त्या एका माणसाची चूक कधीच निघायची नाही. नशीबच फुटकं, शेवटचा पत्ता वैरी. चष्मेवाला म्हणायचा, "ताई, तुमच्या माणसाची ग्रहदशा वाईट आहे." सगळे हसायचे, ताईसुद्धा.

शहरातल्या एका क्लबात स्पर्धा होती. दातवाल्याने नाव दिलं. ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पत्ते येतात तुला आता. चेहरा येत नाही. चांगलं पान आलं की नाक ओढतोस. स्वतःला बघ एकदा, मग जा लोकांपुढे तोंड घेऊन." बोलणं टोचलं, पण खरं होतं. म्हणून पुढच्या रविवारी त्याने सगळ्यांना विचारून फोन लावला, ताईच्या मागे, सलाईनच्या पेट्यांवर, आपल्या तोंडाकडे रोखून. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. समोरून त्याचा चेहरा टिपणारा फोन ताईच्या खांद्यावरून तिचे पत्तेही टिपणार होता.

सोमवारी दुपारी प्रयोगशाळेत प्लास्टर वाळत होतं, तेवढ्यात त्याने ते चित्रण लावलं. आधी लाज वाटली. नाक खरोखरच ओढत होता तो, तेही गाय हंबरावी तसं. आणि मग त्याला ताईच्या हातातले पत्ते दिसले.

बदामचा एक्का आणि बदामची नव्वी. मधे पाचांपैकी तीन बदाम पडलेले: राणी, चौकी, दुर्री. म्हणजे ताईकडे एक्क्यासकट पाच बदाम. त्या डावात त्याहून मोठं असं कोणाच्याही हातात असूच शकत नव्हतं. दातवाल्याकडे राण्यांची साधी जोडी. त्याने दोन निळी झाकणं पुढे सारली. ताईने आपले पत्ते उचलून पाहिले, मधले पाहिले, परत आपले पाहिले, असं चारदा केलं, आणि टाकले.

त्याने चित्रण मागे नेलं. परत पाहिलं. तो डाव त्याला चांगला आठवत होता. जिंकल्यावर तो चष्मेवाल्याकडे बघून हसला होता.

पहिल्यांदा आला तो राग. ताई मुद्दाम हरतेय. भावाचं मन राखायला, लहानपणी पळण्याच्या शर्यतीत मागे राहायची तसं. पन्नाशीच्या माणसाला असं खेळवायचं? तो तणतणत घरी गेला आणि बायकोला दाखवलं. बायकोला पोकरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिने पत्ते पाहिलेच नाहीत, ताईच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई कोणासाठी हरणाऱ्यातल्या नाहीत. आवाज लावा जरा."

आवाज त्याने सुरुवातीलाच बंद करून टाकला होता, स्वतःचं नाक ऐकवत नव्हतं म्हणून. आता लावला. ताई पुटपुटत होती. "बदाम... बदाम कोणते होते?" थोड्या वेळाने, पुढच्या डावात, "आता कोण बोललं?" नुकतीच ती स्वतःच बोलली होती. मग परत, त्याच डावात, "कोण बोललं?" आणि टपालकाका दर वेळी अगदी सहज, जणू काही झालंच नाही असं म्हणत होते, "तुम्हीच बोललात, ताई."

दातवाल्याने चित्रण पहिल्यापासून लावलं. त्याने पूर्ण दुपारचं चित्रण पाहिलं. आपले दोन पत्ते एकदाच डोळ्यांपुढे धरणारी आणि मग ते टेबलावर पालथे टाकून पुन्हा कधीही न बघणारी त्याची बहीण एकेका डावात चार-चारदा आपले पत्ते उचलून बघत होती. चेहरा तोच, दगडासारखा. त्या चेहऱ्यामागे काय चाललंय ते चार महिने त्याला दिसलं नव्हतं.

आशा वेडी असते. डोळे असतील, तो मनाशी म्हणाला, लाल बदामात लाल चौकट मिसळत असेल. तो चष्मेवाल्याकडे गेला. चष्मेवाल्याने मान हलवली. "गेल्याच महिन्यात तपासलेत मी. डोळे तुझ्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत." आणि मग काचा पुसत, त्याच्याकडे न बघता, "मला वाटलं तुम्हा घरच्यांना माहीत असेल."

तिथून ताईचं दुकान दहा पावलांवर. काउंटरवर ताई उभी होती, पांढरा कोट, चिठ्ठी हातात घट्ट धरलेली. एका म्हाताऱ्याला गोळ्या देत होती. इतका वेळ दातवाल्याने फक्त पत्त्यांचा विचार केला होता. टेबलावर चूक झाली की झाकणं जातात. इथे?

ताईने पाकीट पुढे केलं. दुकानात वीस वर्षं काम करणाऱ्या मावशींनी ते वाटेतच घेतलं, "रबर लावून देते हं आजोबा," म्हणत चिठ्ठीशी ताडून पाहिलं, आणि मगच दिलं. ताईचं लक्ष नव्हतं. दातवाला मावशींना बाहेर गाठून म्हणाला, "केव्हापासून बघताय असं?"

मावशींचे डोळे भरून आले. "दादा, मी आहे तोवर चुकीचं काही जाणार नाही. पण मी दुपारी जेवायला जाते हो घरी."

तो आठवडा त्याने कसा काढला ते विचारू नये. जबड्याचे दोन साचे उलटेपालटे जोडले. ताईला सांगायला रोज निघायचा आणि रोज अर्ध्या रस्त्यातून परत यायचा. जिने आपल्याला हात धरून चालायला शिकवलं तिला कोणत्या तोंडाने सांगायचं की तू आता पडतेस?

रविवार आला. खेळ झाला. तो जिंकला, पण झाकणं त्याने मोजलीही नाहीत. चहा आला. चिरफाडीची वेळ झाली तेव्हा तो म्हणाला, "आज मी मांडतो."

"हरलास कधी तू?" ताई म्हणाली.

त्याने गड्डी पुढे ओढली. बदामचा एक्का, बदामची नव्वी मांडली. मधले पाच मांडले. "एक माणूस होता. समोरच्याने दोन निळी लावली. याने पत्ते टाकले."

ताई हसली. "प्यायला होता?"

"नाही."

"मुद्दाम टाकले, कोणाला जिंकवायला?"

"नाही. जिंकायचं होतं त्याला."

ताई पुढे वाकली. असा डाव तिला फार दिवसांत मिळाला नव्हता. तिने विचारलं, पत्ते किती वेळा पाहिले? तो म्हणाला, चारदा. आणखी काय करतो? कोण बोललं ते विचारतो, स्वतःच बोललेला असतो. चष्मेवाल्याने कप खाली ठेवला. टपालकाका खिडकी नसलेल्या भिंतीकडे बघू लागले. ताई मात्र रंगात आली होती, बोट टेबलावर आपटत बोलत होती, पूर्वीसारखी. "खेळाची चूक नाही ही. खेळ येतो त्याला, नाहीतर नव्वीबरोबर एक्का धरून इथवर आलाच नसता. जे समोर पडतं ते याच्या डोक्यात टिकत नाहीये. हातात धरलंय तोवर आहे, खाली ठेवलं की गेलं. याला शिकवून उपयोग नाही, डॉक्टरकडे न्या याला. घरात कोणी आहे की नाही त्याच्या? आणि काम काय करतो हा?"

दातवाल्याने दारातून बाहेरच्या काउंटरकडे पाहिलं.

"काम काय करतो, विचारतेय मी."

फ्रिज घुरघुरत होता. ताईने चष्मेवाल्याकडे पाहिलं, टपालकाकांकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. तिचं टेबलावरचं बोट थांबलं. चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही, पण चेहरा पांढरा पडला.

"दाखव," ती म्हणाली.

त्याने फोन पुढे केला. तिने पाठमोऱ्या स्वतःला बदामचा एक्का टाकताना पाहिलं. परत पाहिलं. "ही मी आहे," ती म्हणाली, विचारलं नाही, नुसतंच म्हणाली. मग, "चार महिने तू जिंकत होतास. एकदाही वाटलं नाही तुला, की ताईला झालंय काय?"

हा घाव बसला. कारण वाटलं नव्हतं. हरलेला प्रत्येक डाव उसवून बघणाऱ्या त्या चौघांनी जिंकलेल्या डावाकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तसा रिवाजच नव्हता. दातवाला लहान मुलासारखा रडायला लागला. ताईने त्याला रडू दिलं. तिची पाठ ताठ होती.

"उद्यापासून मी काउंटरवर उभी राहणार नाही," ती म्हणाली. "डॉक्टरची वेळ घे. मावशींना मी सांगते." आणि थोड्या वेळाने, पहिल्यांदाच घाबरलेल्या आवाजात, "उद्या मला हे आठवलं नाही तर?"

"मी सांगेन परत."

"मी भांडेन."

"भांड. तरी सांगेन."

सोमवारी सकाळी तो दुकानापाशी पोचला तेव्हा शटर वर होतं. ताई काउंटरवर, अंगात पांढरा कोट, समोर एका बाईची चिठ्ठी. त्याला पाहून ती अगदी रोजच्यासारखी म्हणाली, "इतक्या सकाळी? आज कोणाचे दात पडले?"

परत फिरावं असं वाटलं, खरंच वाटलं. मावशी अजून आल्या नव्हत्या. चिठ्ठी ताईच्या हातात होती आणि तिचा दुसरा हात मागच्या कप्प्याकडे निघाला होता. तो काउंटरच्या आत गेला, तिच्या हातातून चिठ्ठी काढून घेतली आणि त्या बाईला म्हणाला, "माफ करा, दुकान आज बंद आहे." मग बहिणीकडे वळून त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. पत्ते, चित्रण, मावशी, तिने स्वतःच काल काय ठरवलं ते.

ताई भांडली नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने कोट काढला, घडी घातली, खिशातल्या चाव्या त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"आठवतंय मला," ती म्हणाली. "तुझ्याने बोलवतंय की नाही, ते बघत होते."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. डोळे, ओठ, हात, तिनेच शिकवलं होतं तसं एकेक बघत राहिला. तिला खरंच आठवत होतं, की आत्ता ऐकून तिने सावरून घेतलं, हे त्याला काही केल्या कळेना. ताई शांतपणे पायऱ्या उतरून रस्त्यावर जाऊन उभी राहिली, त्याची वाट बघत. त्याने शटर खाली ओढलं आणि कुलूप लावलं.